भास्कर नेमका कुठे बिघडला?

प्रल्हाद, तुझ्या दहाव्याला कावळा बसवाल्या बबनच्या बोलण्याला शिवला, माझ्या नाही, हे मला अजून पचलेलं नाही. आज पाच दिवस झाले. बायको म्हणते, कावळ्याला कळतं का कोण काय बोलतंय ते, त्याला भूक लागली असेल, तो आला. तिचं बरोबर असेल. पण सांगवीच्या घाटावर तेव्हा पन्नास माणसं उभी होती आणि ती सगळी बबनकडे कौतुकाने बघत होती. माझ्याकडे कोणीही बघितलं नाही.

तुला हसू येत असेल. मेलेल्या माणसाशी भांडायला बसलोय, तेही कावळ्यावरून. पण तुझ्याशी दुसरं काय केलं मी आयुष्यभर? जुन्या सांगवीतल्या त्या एका खोलीत आपण ट्रेनी म्हणून राहायला लागलो तेव्हापासून आपलं हेच चाललंय. तू परभणीकडचा, मी नगरचा. भाजीत तिखट किती घालायचं यावरून पहिलं भांडण झालं. तेव्हापासूनच मला तुझ्याबद्दल थोडी जळजळ होती, हे आज सांगून टाकतो. तुझं अक्षर चांगलं होतं. कँटीनवाल्या मावशी तुला न मागता दुसरी पोळी वाढायच्या. तू बोलायला लागलास की माणसं हातातला चहा तसाच धरून ऐकायची. मी तेच बोललो की कोणीतरी घड्याळ बघायचं.

तरीही एक गोष्ट माझी होती. कंपनीच्या बसमधली तिसऱ्या रांगेतली सीट, खिडकीशी तू आणि बाजूला मी. सांगवीहून निघून नाशिक फाटा, भोसरी, मोशी, कुरुळी करत चाकण येईपर्यंत सव्वा तास तू माझा असायचास. मोशीला ट्रॅफिक लागला की सगळी बस कुरकुरायची, मला मात्र बरं वाटायचं.

मग ‘वजनकाटा’ सुरू झाली आणि अख्खी बस तुझी झाली. दर शनिवारी टीव्हीवर एक भाग लागायचा आणि सोमवारी बसमध्ये त्याचा काथ्याकूट व्हायचा. कांद्याच्या मार्केटमधल्या वजनकाट्यावरचा साधा कारकून भास्कर. आधी खोट्या पावत्या फाडतो, मग कांद्याच्या गोण्यांतून भलताच माल सोडतो आणि शेवटी सख्ख्या मेहुण्याला संपवतो. मालिका कुठल्या गावातली ते दाखवलं नव्हतं, पण आपल्या बसमधल्या सगळ्यांनी ते चाकणचंच मार्केट आहे असं ठरवून टाकलं होतं. आणि वाद एकच होता, भास्कर नेमका कुठे बिघडला?

मी म्हणायचो, आठव्या भागात. मेहुण्याला मारेपर्यंत तो परिस्थितीने गांजलेला माणूस होता. आजारी आई होती, वरून दबाव होता, त्याने करायचं काय? अर्धी बस माझ्या बाजूने होती. पेंट शॉपवाले तर सगळेच. आम्हाला ‘आठवे’ असं नावच पडलं होतं.

तू मात्र पहिल्या दिवसापासून म्हणालास, पहिल्या भागात. आम्हाला तर पहिल्या भागात काय झालं तेसुद्धा नीट आठवत नव्हतं. तूच आठवण करून दिलीस. काट्यावर एका गाडीचं वजन भास्करच्या हातून चुकीचं लिहिलं जातं. साधी चूक, घाईत झालेली. आळ येतो शेजारच्या खुर्चीवरच्या नामदेववर. साहेब विचारतात, पावती कोणी फाडली? भास्कर गप्प बसतो. नामदेवची नोकरी जाते आणि त्याची खुर्ची भास्करला मिळते. पाच मिनिटांचा प्रसंग, नंतर मालिकेत नामदेवचं नावही फारसं येत नाही. तू म्हणालास की चूक केल्यानं माणूस बिघडत नाही, ती दुसऱ्याच्या नावावर जाऊ देतो तिथे बिघडतो, पुढचं सगळं नुसतं वाढत जातं. पुढच्या सोमवारपर्यंत पेंट शॉपमधले तिघे फुटून तुझ्याकडे आले.

मी खिडकीबाहेर बघत होतो. कारण आपल्या कंपनीतला पहिला भाग मला पाठ होता.

तुलाही होता. तरी आज लिहितो, कारण तो मी कुठेच लिहिलेला नाही. चार वर्षांपूर्वी एकाच मशीनवर त्या आठवड्यात मी फर्स्ट शिफ्टला होतो, तू सेकंडला. लाइन लीडरची जागा रिकामी होणार होती आणि ती तुझीच आहे असं सगळे धरून चालले होते. त्या दिवशी सुटायच्या अर्धा तास आधी मशीनचं कटिंगचं पातं, इन्सर्ट, खराब झालं. मी नवं लावलं. नवं पातं लावलं की पहिला जॉब, म्हणजे त्यातून निघालेला पहिला नग मोजायचा, तो बरोबर आला तरच पुढे चालायचं, हे आपण पहिल्या आठवड्यात शिकलो होतो. पण बस सुटणार होती. मी मोजला नाही. मापांच्या चेकशीटवर डोक्यातून आकडे टाकले, पातं बदलल्याचं लिहिलंच नाही आणि धावत बस पकडली.

तू आलास, पहिला जॉब मोजलास, माप वाढलेलं दिसलं. मशीनला दुरुस्ती दिलीस आणि आपल्या सुरेख अक्षरात ती चेकशीटवर लिहून ठेवलीस. तिथेच फसलास. महिन्याभराने गिऱ्हाइकाकडून माल परत आला तेव्हा कागदावर गडबडीची एकच खूण होती, ती म्हणजे तुझी दुरुस्ती. म्हणजे घोळ सेकंड शिफ्टला झाला आणि तू पहिला जॉब न मोजता उशिरा दुरुस्ती दिलीस, असा अर्थ निघाला. क्वालिटीच्या साहेबांनी मला बोलावून विचारलं, तुमच्या शिफ्टला इन्सर्ट बदलला होता का? मी म्हणालो, आठवत नाही.

तुला लेखी ताकीद मिळाली. लाइन लीडर मी झालो.

आणि तेवढ्यावर संपलं नाही. आपल्याकडे मोठी चूक झाली की क्वालिटी अलर्टचा कागद निघतो. चुकलेल्या जॉबचा फोटो, काय चुकलं, कोणाच्या हातून, आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं. प्लॅस्टिकमध्ये घालून मशीनवर टांगतात. तो कागद चार वर्षं तिथे होता. ‘सेकंड शिफ्ट, ऑपरेटर प्रल्हाद’. नवीन ट्रेनी आले की लाइन लीडरने त्यांना तो वाचून समजवायचा असतो. मी समजवायचो, प्रल्हाद. तू त्याच लाइनवर, माझ्या शिफ्टला, माझ्या हाताखाली आला होतास. तू दहा पावलांवर जॉब लावत असायचास आणि मी पोरांना सांगायचो, पहिला जॉब मोजला नाही तर काय होतं ते बघा.

तू एकदाही मान वर केली नाहीस. सुटल्यावर बसमध्ये येऊन माझ्या शेजारी बसायचास आणि डब्यातली उरलेली चटणी पुढे करायचास. मी स्वतःची समजूत घातली होती की तुला माहीत नाही. तू तर पातं पुसून हातात धरून बघणारा माणूस. नवंकोरं पातं तुला दिसलं नसेल, असं मी चार वर्षं मानत होतो.

म्हणून ‘वजनकाटा’वर तू पहिला भाग, पहिला भाग करायला लागलास तेव्हा माझा तिळपापड व्हायचा. मला वाटायचं, हा मला भरबसमध्ये टोचतोय. एका सोमवारी मोशीला गाड्या तुंबल्या होत्या. तू मागे वळून कोणाला तरी समजावत होतास की नामदेवच्या पोरांनी काय ऐकलं असेल बापाबद्दल. माझा तोल गेला. मी मोठ्याने म्हणालो, जे बोलायचंय ते सरळ बोल, उगाच भास्करच्या आड लपू नकोस.

तू माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही, तेच तर वाईट होतं. म्हणालास, “मी भास्करचं बोलायलो, सुनील. तू कुणाचं बोलायलास?”

दुसऱ्या दिवशी तू तिसऱ्या रांगेत आलाच नाहीस. पुढे केबिनमध्ये, ड्रायव्हरशेजारच्या त्या लांबट सीटवर जाऊन बसलास. बबनजवळ.

बबनबद्दल माझं काही वाईट मत नव्हतं तोपर्यंत. कुरुळीचा जुना माणूस, जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा त्याने बस घेऊन कंपनीला लावली. उरलेल्या तुकड्यात अजून कांदा करतो आणि चाकणच्या मार्केटला नेतो. पण तू तिथे बसायला लागलास आणि मला त्याचं सगळंच खुपायला लागलं. त्याच्या गळ्यातला पंचा, आरशाला लावलेला झेंडूचा हार, गिअर टाकताना त्याचं ‘व्हय, व्हय’ करणं. काट्यावरचं त्याला अनुभवाने माहीत म्हणून तू त्याला विचारायचास आणि तो एका हाताने स्टिअरिंग धरून दुसऱ्या हाताने समजावायचा. काचेतून मला तुमच्या दोघांची डोकी दिसायची. आवाज यायचा नाही. तीन महिने मी ती दोन डोकी बघत चाकणला गेलो आणि परत आलो. बायको माहेरी निघून गेली असती तरी मी इतका कुढलो नसतो, असं एकदा तिलाच बोलून बसलो, आणि त्याबद्दल दोन दिवस ऐकून घेतलं.

मग तो गुरुवार. सांगवीला उतरताना तू दाराशी थांबलास. म्हणालास, “शनिवारी शेवटचा भाग हाय. सोमवारी तिसरी सीट धरून ठेव.”

तीन महिन्यांनी तू आपणहून माझ्याशी बोलला होतास. आणि मी काय म्हणालो? “का, बबनने हाकललं का?”

तू हसलास आणि गेलास. शुक्रवारी तुझी सुट्टी होती. शनिवारी सकाळी भाजीची पिशवी घेऊन जिना चढताना तिसऱ्या मजल्यावर बसलास तो उठलाच नाहीस. तुला माझ्याकडून मिळालेलं शेवटचं वाक्य हे आहे, आणि ते मी कशानेही बदलू शकत नाही. संध्याकाळी शेवटचा भाग लागला तेव्हा आम्ही स्मशानातून परत येत होतो. सोमवारी मी सीट धरली. खिडकीशी पिशवी ठेवली, चाकणपर्यंत कोणाला बसू दिलं नाही.

तो भाग मी बघायचा नाही असं ठरवलं होतं. तुझ्याशिवाय बघणं बरं वाटलं नसतं. निदान एवढं तरी फक्त आपल्या दोघांत राहील, असा माझा हिशेब होता.

दहावा गावी करायचा की इथे यावर दोन दिवस खल झाला आणि शेवटी इथेच ठरलं. पिंड मांडले आणि कावळा शिवेना. समोरच्या झाडावर चांगले सात-आठ बसले होते, बघत होते. गुरुजी म्हणाले, काही इच्छा राहिली असेल, कोणी तरी बोला. तुझा भाऊ मनोहर म्हणाला, आईला मी सांभाळीन. काही नाही. ज्योतीवहिनी पुढे आल्या, लेकीचं, श्रावणीचं शिक्षण अर्धवट राहणार नाही म्हणाल्या. तरी काही नाही. मग मनोहर माझ्याकडे वळला. म्हणाला, सुनीलभाऊ, तुम्ही बोला, त्याचे सगळ्यात जवळचे तुम्हीच.

मी पुढे झालो, हात जोडले. मला माहीत होतं काय बोलायचं ते. त्या घाटावर ते फक्त मलाच माहीत होतं. मागे क्वालिटीचे दोघे उभे होते, आपल्या लाइनची पोरं उभी होती. मी म्हणालो, काळजी करू नकोस, आम्ही सगळे आहोत. एक कावळा उडाला आणि लांबच्या फांदीवर जाऊन बसला.

तेव्हा मागून बबन आला. पंचा हातात, डोळे लाल. कोणी त्याला बोलावलं नव्हतं. तो पिंडाकडे बघून म्हणाला, “प्रल्हादभाऊ, शेवटचा भाग बगितला म्या. तुमचंच खरं निगालं. भास्करनं पोलिसापुढं समदं कबूल केलं, खूनबी कबूल केला. पन त्या नामदेवाचं तेवढं न्हाई केलं. त्याला कुनी इचारलंच न्हाई.”

आणि कावळा आला. लोकांनी सुस्कारे सोडले, वहिनी रडायला लागल्या. मी शेवट असा ऐकला, बबनच्या तोंडून, सगळ्यांच्या देखत. माझ्या पोटात दुखलं ते आधी याचं की तो भाग त्याने बघितला होता आणि तुला सांगितला होता, माझ्याआधी. बाकीचं नंतर दुखलं. असा आहे मी, प्रल्हाद, तुला नवीन नाही.

जेवणं चालू असताना मी त्याला बाजूला घेतलं. सरळच विचारलं, केबिनमध्ये तीन महिने प्रल्हाद काय बोलत होता, माझ्याबद्दल काही म्हणाला का? बबन गोंधळला. म्हणाला, तुमच्याबद्दल कशाला, आमी भास्करचंच बोलायचो. मग म्हणाला, शेवटी शेवटी प्रल्हादभाऊंचं मत जरा बदललं होतं.

मी म्हणालो, कसं?

“त्ये म्हनायचे, भास्कर पयल्या भागात बिगाडला त्ये खरंच. पन नामदेवाला म्हाईत व्हतं ना पावती कुनाची ती? मंग त्यो का गप बसला? त्यानं एकदा दोस्ताला इचारायला पायजे व्हतं. भ्याला त्यो. दोस्ताची खुर्ची शेजारून जाईल म्हनून भ्याला. दोगंबी गप बसले आन् मंग भास्कर पार हाताभायेर गेला.”

बबनने बुंदीचा घास घेतला आणि म्हणाला, मला न्हाई पटलं, नामदेवाची काय चूक? बबनला काही कळलेलं नव्हतं. तू त्याला कधीच काही सांगितलं नव्हतंस, इन्सर्टचं नाही, माझं नाही. चार वर्षं तू जे पोटात ठेवलंस ते तू असं मालिकेचं म्हणून एका माणसाला दिलंस, आणि तो ते बुंदीबरोबर मला परत देत होता. मला रडू आलं. उपकार वाटले तुझे, आणि त्याच क्षणी वाटलं, हे मला सांगायचं सोडून याला का सांगितलंस? मग तो गुरुवार आठवला. सोमवारी सीट धरून ठेव. तू मला सांगायलाच येणार होतास. मीच तुला दारातून लावून दिलं.

मंगळवारी मी शेवटचा भाग एकट्याने बघितला. भास्कर तासभर बोलतो, एकेक गुन्हा कबूल करतो. इन्स्पेक्टर विचारतो, आणखी काही? तो विचार करतो आणि म्हणतो, आठवत नाही.

बुधवारी सकाळी लाइन मीटिंग होती. रोजचीच, शिफ्टच्या आधीची पाच मिनिटांची. साहेबांनी सांगितलं होतं की दोन मिनिटं शांत उभं राहू आणि लाइन लीडरने प्रल्हादबद्दल चार शब्द बोलावेत. मी बोललो नाही फारसं. तुझ्या मशीनवरचा तो कागद काढला. प्लॅस्टिक पिवळं पडलं होतं. मार्करने सेकंड शिफ्ट खोडून फर्स्ट लिहिलं, तुझं नाव खोडलं आणि खाली माझं लिहिलं. माझं अक्षर तुला माहीत आहे. मग पोरांना म्हणालो की त्या दिवशी इन्सर्ट मी बदलला होता, पहिला जॉब मी मोजला नाही, आकडे डोक्यातून लिहिले आणि विचारल्यावर आठवत नाही म्हणालो. कागद परत टांगला. क्वालिटीचे साहेब बराच वेळ तो वाचत राहिले आणि म्हणाले, दुपारी केबिनला या.

दुपारी जे व्हायचं ते झालं. लाइन लीडर आता दुसरा आहे, मी तुझ्या मशीनवर आहे. संध्याकाळी ज्योतीवहिनींकडे गेलो, श्रावणीला समोर बसवून सगळं सांगितलं. वहिनी म्हणाल्या, ह्यांनी आम्हाला कधी बोलू दिलं नाही या विषयावर. चहा नाही विचारला त्यांनी. बरोबर केलं.

गुरुवारी बसमध्ये मी तिसऱ्या रांगेत नाही बसलो. पुढे गेलो. केबिनमधल्या सीटवर बबनने तुझ्यासाठी टाकलेलं बसकर अजून होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, बसकर झटकलं आणि सरकवलं. कंपनीतली बातमी त्याला कळली असणार, बसमध्ये काही लपत नाही. मोशीला गाड्या थांबल्या तेव्हा त्याने इंजिन बंद केलं आणि विचारलं, “मंग सुनीलभाऊ, तुमचं काय मत हाय? भास्कर कुटं बिगाडला?”

मी म्हणालो, पहिल्या भागात.

हे मी बबनला सांगितलं, प्रल्हाद. तुझ्याआधी. आता तुझी पाळी आहे, बस जळत.